दीड वर्ष स्मार्ट लॉक वापरल्यावर सांगतेय: कुलूप चांगलं आहे, ॲपच्या भरवशावर राहू नका

मागच्या वर्षी गुढीपाडव्याला आम्ही डोंबिवलीच्या घराला स्मार्ट लॉक बसवलं, म्हणजे आता दीड वर्ष झालं, दोन पावसाळे काढले त्याने, त्यामुळे आता जरा भरवशाने लिहिता येईल असं वाटतंय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीये, आणि दुकानात बाकीची चार-पाच मॉडेल्स बघितली तीही आतून साधारण अशीच होती. फिंगरप्रिंट, पिन नंबर, कार्ड, ॲप आणि खाली झाकणाआड एक साधी किल्ली. सतरा हजारांच्या आसपास पडलं, बसवायचे पैसे त्यातच.

घेतलं का तर आईसाठी. आई ७२ वर्षांची, दोनदा भाजी मार्केटमध्ये जुडगा हरवून आली, दुसऱ्या वेळी मी ऑफिसात, लोकल अर्धा तास लेट, आणि ती जिन्यात पिशव्या घेऊन बसलेली. शेवटी स्टेशनजवळच्या चावीवाल्याला बोलवून लॅच उघडून घेतलं. त्याला ते उघडायला जेमतेम पाच मिनिटं लागली, ते बघून मी मनातून घाबरलेच. म्हणजे जुनं कुलूप म्हणजे अगदी भक्कम असं काही मी म्हणणार नाही. किल्ली हरवते, तिची डुप्लिकेट कुणीही करून घेऊ शकतं आणि आपल्याला कळतही नाही. हे सगळं खरंय.

आता आधी चांगलं. पिन नंबर ही गोष्ट मला मनापासून आवडली. कामाच्या मावशींना वेगळा नंबर, भाच्याला वेगळा, पाहुणे आले की दोन दिवसांपुरता नंबर द्यायचा आणि नंतर काढून टाकायचा. मावशींनी गावाला जाताना किल्ली परत द्यायची विसरली वगैरे प्रकार बंद झाले. लाईट गेली, वायफाय गेलं तरी फिंगरप्रिंट आणि पिन चालूच राहतात कारण ते सगळं कुलपाच्या आतच साठवलेलं असतं आणि कुलूप सेलवर चालतं. बरेच लोक मला विचारतात लाईट गेल्यावर काय करता, तर काही करत नाही, उघडतं. ॲपमध्ये कोण किती वाजता आलं ते दिसतं, ते मात्र मी मावशींना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्यांच्या नकळत त्यांची वेळ नोंदवत बसणं मला पटत नाही.

फिंगरप्रिंटबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण घरात म्हातारं माणूस असेल तर हे आधी कुणी सांगत नाही. माझं बोट शंभरातल्या पंच्याण्णव वेळा लागतं. आईचं निम्म्या वेळाही नाही. वयाने बोटांवरच्या रेषा पुसट होतात, त्यात आयुष्यभर भांडी घासलेली, कातडी कोरडी पडलेली. रेशनच्या दुकानात आधारच्या मशीनवर पण तिचा अंगठा लागत नाही, ते मला माहीत होतं तरी कुलूप घेताना लक्षात आलं नाही. एकदा कोथिंबीर निवडता निवडता ती दाराबाहेर गेली आणि दार मागे लागलं. ओलं बोट ठेवलं, नाही, पदराला पुसलं, परत ठेवलं, नाही. मग तिने बोटावर फुंकर मारून, दोन्ही हातांनी तो अंगठा धरून दाबला तेव्हा उघडलं. मी आतून येईपर्यंत हे सगळं होऊन गेलं होतं. नंतर टेक्निशियनने एकाच बोटाचे चार-पाच वेगवेगळे ठसे नोंदवायला सांगितले, त्याने फरक पडला, पण पूर्ण नाही.

पावसाळा. आमचं दार लाकडी, जुलैत फुगतं. जुन्या कुलपाच्या वेळी काय करायचो, दाराला खांदा लावायचा, जरा आत रेटायचं आणि किल्ली फिरवायची, कुठे अडतंय ते हाताला कळायचं. स्मार्ट लॉकमधल्या मोटरला ते कळत नाही. ती बोल्ट, म्हणजे कुलपाची दांडी, बाहेर ढकलते, चौकटीतल्या पट्टीला तो घासतो, परत आत घेते, परत ढकलते, आणि मग बीप बीप बीप. कधी कधी आम्हाला वाटायचं लागलं आणि ते लागलेलंच नसायचं. शिवाय या झटापटीत सेल भराभर संपतात. कंपनी म्हणते आठ सेल वर्षभर जातात, माझे पहिले सेल सात महिने गेले आणि दुसऱ्या पावसाळ्यात तर चारच. शेवटी सुताराला बोलावलं, त्याने कडेला रंधा मारला आणि चौकटीतल्या पट्टीचं भोक कानशीने दोन-एक मिलिमीटर मोठं केलं, तेव्हापासून त्रास नाही. तर बसवून घेतानाच सुताराचे पैसे धरा, आणि शक्य असेल तर दार फुगलेलं असतानाच बसवून घ्या. सेल अल्कलाईनच घाला, चार्जिंगवाले नकोत, त्यांचा व्होल्टेज मुळातच कमी (१.२) असतो त्यामुळे कुलपाला किती चार्ज उरलाय त्याचा अंदाज चुकतो आणि वेळेवर इशारा येत नाही.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

या फेब्रुवारीत मी लग्नाला नाशिकला होते. आई सकाळी दूध आणायला खाली गेली, परत आली, बोट लागेना. पाच वेळा चुकलं की कुलूप तीन मिनिटं काहीच घेत नाही, तसं झालं. पिन मी आठवड्यापूर्वीच बदललेला, गडबडीत तिला तो आठवेना. तिने मला फोन केला, म्हणाली, "अगं, कुलपातली ती बाई नुसतं परत ट्राय करा म्हणत्ये, मला घरातच घेत नाहीये." आवाज रडवेला. मी म्हटलं थांब आई, मी इथूनच उघडते, त्यासाठीच तर कुलपाला वायफायशी जोडणारं ते वेगळं यंत्र लावून ठेवलंय. ॲप उघडलं तर रात्रीत ते अपडेट झालेलं आणि मला लॉगिनमधून बाहेर काढलेलं. पासवर्ड टाकला, ओटीपी आला नाही, परत मागवला, मग दोन आले, दोन्ही चालले नाहीत. शेवटी आत गेले तर कुलूपच ऑफलाईन. मांडवात सनई चालू आणि मी एका कोपऱ्यात कस्टमर केअरला फोन लावून उभी, ते म्हणाले नवीन ॲपसाठी कुलपाचंही सॉफ्टवेअर अपडेट करावं लागेल आणि ते दारापाशी उभं राहूनच ब्लूटूथने होतं. मी नाशिकला, दार डोंबिवलीत.

समोरच्या काकूंनी दार उघडलं. त्यांच्याकडे कालनिर्णयच्या मागच्या खिळ्याला आमची एक किल्ली असते, वर्षानुवर्षं. झाकण सरकवलं, किल्ली घातली, आई आत. अर्धं मिनिट. त्या एका फोनमध्ये मला जे काही वाटलं ना, ते अजून जात नाही.

घरी येऊन मी यावर बरंच वाचलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लॉकस्टेट नावाच्या कंपनीने एका मॉडेलच्या कुलपांना चुकून दुसऱ्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर पाठवलं, पाचशेच्या आसपास कुलपांचे कीपॅड बंद पडले. आणि त्या अपडेटने कुलपांचा सर्व्हरशी संपर्कच तुटला, त्यामुळे लांबून दुरुस्तही करता येईना, लोकांना कुलपाचा मागचा भाग काढून कंपनीला पाठवावा लागला नाहीतर बदली कुलपाची वाट बघावी लागली. त्यात भाड्याने घरं देणारे बरेच होते, म्हणजे पाहुणा दारात उभा. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन नावाच्या स्मार्ट होम कंपनीने तर न सांगता सर्व्हरच बंद केले, लोकांच्या घरातली ॲपवर चालणारी यंत्रणा एका दिवसात मुकी झाली. आणि फेसबुकसारखी कंपनी, ४ ऑक्टोबर २०२१ ला त्यांचं सगळं नेटवर्क गेलं तेव्हा त्यांच्याच लोकांची कार्डं ऑफिसच्या दाराला चालेनात. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे होतं तर आपल्या फ्लॅटच्या दाराचा सर्व्हर कोण, कुठे, किती वर्षं सांभाळणार आहे, हे आपण विचारायलाच पाहिजे.

दार चाळीस वर्षं टिकतं हो. माझ्या माहेरच्या घराला बाबांनी लावलेलं गोदरेजचं नवताल कुलूप आहे, बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली, त्याला वर्षातून एकदा ग्रेफाईटची पूड घालतात, बास. माझ्या स्मार्ट लॉकच्या बॉक्सवर वॉरंटी दोन वर्षं लिहिलीय, पण सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळतील त्याबद्दल एक अक्षर नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे की नेटला जोडायची वस्तू विकताना सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते सांगायचं. आपल्याकडेही हे असायला हवं, टीव्हीला नसलं तरी चालेल एक वेळ, पण घराच्या दाराला हवंच.

तर घ्यायचं का? घ्या, मी काढून टाकणार नाहीये. पण दुकानात गेलात की ॲप बघत बसू नका, विक्रेता तेच दाखवतो. त्याला सांगा फोन बाजूला ठेव, वायफाय बंद कर आणि आता पिन बनव, बोट नोंदव, पिन पुसून दाखव. हे सगळं कुलपावरच्या बटणांनी झालं तरच घ्या. किल्लीचं भोक नसलेलं मॉडेल दिसायला फार छान असतं, नका घेऊ. बाहेरच्या बाजूला पॉवर बँक जोडायची जागा आहे ना ते बघा, सेल पूर्ण संपले तर तेवढ्यापुरता करंट देऊन पिन टाकता येतो. आणि बरोबर आलेली किल्ली घरातल्याच कपाटात ठेवू नका, ती बाहेर कुणाकडे तरी हवी.

आमच्याकडे आता दाराचं वायफायचं यंत्र काढून ड्रॉवरमध्ये टाकलंय, लांबून उघडणं बंद. ॲपचं ऑटो अपडेट बंद केलंय, मी घरी असते त्या रविवारीच करते. सेफ्टी डोअरला जुनंच कुलूप आहे. आईच्या बटव्यात एक किल्ली, काकूंच्या खिळ्याला एक. सेल परवाच बदलले, तारीख आतल्या झाकणावर स्केच पेनने लिहून ठेवलीय.