थरच्या वाळवंटासाठी मुक्काम: जैसलमेर की बिकानेर?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींचं राजस्थान ठरलं की जयपूर-उदयपूर आधी येतं आणि वाळवंट शेवटच्या दोन दिवसांत कोंबलं जातं. वाळूसाठीच जायचं असेल तर मुक्कामाचं गाव आधी पक्कं करा. आमचा कौल जैसलमेरला: तिथे तीन-चार रात्री, आणि परतीच्या वाटेवर बिकानेरला एक.

थर म्हणजे सगळीकडे वाळूच्या टेकड्या नव्हेत. बराच भाग खुरट्या झुडपांचा, खेजडीच्या झाडांचा आणि खडकाळ माळाचा. बिकानेरजवळ रायसरला टेकड्या आहेत, पण डोळ्यांत मावणार नाही अशी वाळू पाहायची तर जैसलमेरच्या पश्चिमेला साधारण 40 किमीवर सम गाठावं. मात्र नाताळच्या आठवड्यात समला तंबूंची दाटी, कर्कश गाणी आणि जीपच्या घिरट्या असतात. शांतपणा हवा असेल तर नैर्ऋत्येकडचं खुरी गाव जास्त बरं. तंबूत एकच रात्र राहा. पैसे भरण्याआधी नीट विचारून घ्या: वाळू तंबूपासून चालत किती मिनिटांवर, संडास-न्हाणी तंबूला जोडून आहे का, गरम पाणी कधी मिळतं, उंटाची फेरी किती वेळाची आणि ती भाड्यात धरली आहे का. फसगत बहुतेक पहिल्या प्रश्नाशी होते. तंबू डांबरी रस्त्याला चिकटून असतो आणि वाळूपर्यंत पुन्हा जीपचं भाडं पडतं. डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेसाताच्या सुमारास उगवतो, तेव्हा सकाळची वाळू पाहायला फार लवकर उठावं लागत नाही.

जैसलमेर गावात खोली घ्या, पण किल्ल्याच्या आत घेऊ नका. 1156 साली वसलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात. आतली हॉटेलं वाढली तसा पाण्याचा वापर वाढला. सांडपाणी खाली मुरतं, टेकडीचा पाया भिजतो आणि तट-बुरूज खचतात. इतकी सुंदर वास्तू आपल्या आंघोळीच्या पाण्याने ढासळू नये, असं मनापासून वाटतं. शिवाय आतल्या बोळांतून सामान उचलून न्यावं लागतं ते वेगळंच. खाली, गच्चीवरून किल्ला दिसेल अशी खोली पाहा. संध्याकाळचा पिवळा दगड तिथूनच खरा खुलतो. खोली अगदीच स्वस्त मिळत असेल तर सावध राहा. उंटाची सफर आमच्याकडूनच घ्या, असा तगादा नंतर लागतो.

एक अख्खा दिवस पाकिस्तान सीमेजवळच्या तनोट आणि लोंगेवालासाठी ठेवा. तनोट साधारण 120 किमी. वाटेत रामगढला डिझेल-पेट्रोल भरून घ्या, कारण पुढे वस्ती विरळ होत जाते. मराठा लाईट इन्फंट्रीच्या बेळगावातून गेलेल्या माणसाला लोंगेवालाची, 1971 च्या लढाईची ती जागा पाहिल्याशिवाय परतणं जड जाईल. पक्ष्यांची आवड असेल तर डेझर्ट नॅशनल पार्कसाठी आणखी एक सकाळ काढा. आपल्याकडे दिसेनासा झालेला माळढोक तिथे अजून तग धरून आहे.

मग बिकानेर कुणाला? गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांना. 1589 ते 1594 मध्ये बांधलेला इथला जुनागढ किल्ला टेकडीवर नसून सपाटीवर आहे, त्यामुळे दारापर्यंत चढ नाही. देशनोकचं करणीमातेचं देऊळ 30 किमीवर. देवळात मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांमधून अनवाणी चालायचं असतं, तेव्हा जुने मोजे जवळ ठेवा आणि बाहेर आल्यावर टाकून द्या. भुजिया मात्र इथलीच घ्या. खरी भुजिया मटकीच्या पिठाची, म्हणून तिची चव आपल्या बेसनाच्या शेवेहून वेगळी लागते. त्रास आहे तो कोटगेटच्या रेल्वे फाटकाचा. फाटक पडलं की जुनं शहर तुंबतं, म्हणून स्टेशन गाठायला वेळ राखून निघा.

बंगळूरहून जोधपूर आणि बिकानेरला जाणाऱ्या गाड्या बेळगाव, मिरज, पुणे करत जातात. निपाणी-चिकोडीकरांना मिरज सोयीचं. त्या रोज नाहीत, म्हणून आधी गाडीचा वार पाहा, मग हॉटेल ठरवा. जाताना जोधपूरला उतरा, तिथून जैसलमेर सुमारे 285 किमी. येताना जैसलमेर ते बिकानेर सुमारे 330 किमी रस्त्याने या आणि गाडी तिथूनच धरा. आलेल्या वाटेने जोधपूरला परतायची गरज नाही. आरक्षण 60 दिवस आधी खुलतं.

मुलांच्या दसऱ्याच्या सुट्टीत दुपारचं ऊन अजून भाजतं, आणि मे महिन्याचा तर विचारही नको. जानेवारी उत्तम, पण आपल्या बेळगावच्या थंडीवर अंदाज बांधू नका. वाळू रात्री झपाट्याने गार होते आणि तंबूतली एक रजई पुरत नाही. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि एकावर एक घालता येतील असे कपडे हवेतच.