मुसाशीचं पुस्तक आणि लाकडी तलवार: घ्याल तर जोडीनं घ्या

मनःशांतीसाठी म्हणून पुस्तकांच्या ज्या याद्या फिरतात, त्यांत जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीचं 'द बुक ऑफ फाइव्ह रिंग्ज' हमखास असतं. नुसतं वाचायला घेतलं तर बहुतेकांना ते निम्म्यावर कोरडं वाटू लागतं, आणि त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही. हत्यार कसं धरायचं, पाऊल कसं टाकायचं हे शिकणाऱ्याला सांगण्यासाठी ते लिहिलंय. म्हणून इथे पुस्तक आणि बोकेन, म्हणजे सरावाची लाकडी तलवार, दोन्हींचं परीक्षण एकत्रच.

मुसाशीनं हे लेखन १६४३ मध्ये जपानच्या क्यूशू बेटावर सुरू केलं आणि १६४५ मध्ये, मरणाच्या थोडं आधी, पुरं केलं. पृथ्वी, जल, अग्नी, वायू, शून्य अशा पाच गुंडाळ्या, म्हणजे पाच भाग. खरा माल जलाच्या गुंडाळीत आहे. सुरुवातच मनापासून होते: रोजच्या व्यवहारात आणि लढाईत मन एकच असावं, ताणलेलंही नको आणि ढिलंही नको. वाचायला हे गुळगुळीत वाटतं. पण पुढे लगेच पकड येते. अंगठा आणि तर्जनी हलकी, मधलं बोट ना घट्ट ना सैल, अनामिका आणि करंगळी घट्ट. इथे हातात लाकूड असलं तर मनाबद्दलचं ते वाक्य तपासता येतं. चिडलेल्या माणसाची तर्जनी आधी आवळते, उजवा खांदा वर चढतो आणि टोक सरळ न उतरता तिरकं येतं.

बोकेनचा वार डाव्या हातावर चालतो. डावा हात मुठीच्या अगदी टोकाशी, उजवा वर, फक्त दिशेपुरता. उजव्या हातानं बॅटिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल: खालच्या, म्हणजे उजव्या, हाताचा जोर जास्त झाला की बॅट आडवी येते, तसंच इथे. तलवार कपाळावर न्यायची ती डाव्या हातानं, खाली आणताना श्वास सोडायचा आणि पोटाच्या उंचीवर ओला टॉवेल पिळल्यासारखी मूठ आवळून थांबवायची. कोपर झटकून थांबवली तर आठवड्याभरात कोपर दुखायला लागतं. सुरुवातीला २०-२० चे तीन संच, सावकाश. घाईचे शंभर वार म्हणजे चुकीची सवय पक्की करणं.

खरेदी करताना लाकूड बघा, चकाकी नाही. चांगला बोकेन जपानी ओकचा, लांबी साधारण १०२ सेंमी, वजन ५०० ते ६०० ग्रॅमच्या आसपास. लाकडाच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. रेषा मध्येच तिरकी बाहेर निघत असेल तर जोडीदाराच्या तलवारीवर आदळताना तिथेच चीर जाते. गाठ असलेला तुकडा परत करा. जाड वॉर्निश घामानं निसरडं होतं आणि फोडही येतात. मुठीवरचं तेवढं पॉलिश पेपरनं उतरवून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. पात्यात खाच असलेला बोकेन फिरवताना छान आवाज करतो, पण एकमेकांवर आपटायचा असेल तर तो घेऊ नका. प्लॅस्टिकचं म्यान घेणं म्हणजे पैसे वाया. पावसाळ्यात भिंतीला टेकवून उभा ठेवला तर वाकतो, आडवा ठेवा.

आणि घेण्याआधी छत मोजा. मध्यम उंचीच्या माणसाचा बोकेन डोक्यावरून जाताना टोक पावणेतीन मीटरच्या पुढे सहज जातं, म्हणजे फ्लॅटमधला पंखा गेलाच. गच्ची नसेल तर गुडघ्यावर बसून वार करा किंवा ५५ सेंमीची छोटी लाकडी तलवार घ्या.

आता पुस्तकाच्या अडचणी. मुसाशी दोन तलवारींचा माणूस. त्याच्या नितेन-इची पंथात एकेका हातात एकेक तलवार असते आणि त्यांचे बोकेनही बारीक, हलके. त्यामुळे त्याची पकड जशीच्या तशी दोन हातांनी धरलेल्या एका तलवारीला लागू होते असं समजू नका. पायांचंही तसंच: तो टाच घट्ट टेकवायला आणि बोटं हलकी ठेवायला सांगतो, तर आजच्या केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळात, डावी टाच उचललेली असते. केंदोच्या वर्गाला जात असाल तर वर्गात शिक्षकांचंच ऐका. अग्नीची गुंडाळी समोर माणूस असल्याशिवाय कळत नाही. वायूत इतर पंथांवर टीका आहे, ती पहिल्या वाचनात ओलांडली तरी चालेल. शून्य जेमतेम पानभर.

इंग्रजीत अनुवाद बरेच आहेत. व्हिक्टर हॅरिस यांचा १९७४ चा अनुवाद सरावासाठी बरा. ते स्वतः केंदो करणारे, त्यामुळे हालचालींची वर्णनं हाताशी ठेवून वापरता येतात. मुखपृष्ठावर कॉर्पोरेट यशाची भाषा असलेली आवृत्ती मात्र टाळा. तसल्या आवृत्त्यांत कधी कधी पकडीचा नि पावलांचा भागच कापलेला असतो, आणि मग विकत घेण्यासारखं त्यात फारसं उरत नाही.