शाळेतून मूल आलं आणि आपण कॉलवर: किल्ली, डिजिटल लॉक, व्हिडिओ डोअर फोन की खालच्या आंटी?

आधी गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट सांगते, कारण तिथूनच हे सगळं सुरू झालं. आम्ही गोव्यात फोंड्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो, नवरा वेर्ण्याला कंपनीत जातो आणि मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. लेक तेव्हा तिसरीत होती. बस तिला नाक्यावर सोडते, पावणेदोनला ती दारात, आणि माझा रोजचा क्लायंट कॉल दीड ते सव्वादोन. त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता, कानात ते बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन, बेल वाजली ती मला ऐकूच आली नाही. कॉल संपवून पाणी प्यायला उठले तर दाराच्या फटीतून पाण्याचा ओघळ आत आलेला दिसला. दार उघडलं तर ही पायरीवर बसलेली, रेनकोट अंगातच, दप्तर मांडीवर. म्हणाली, "आई, मी बावीस वेळा बेल मारली." मोजली होती तिने. आई घरात असूनही अर्धा तास बाहेर बसावं लागलं, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

त्यानंतर वर्षभरात आम्ही जवळजवळ सगळे प्रकार करून बघितले, काही नणंदेकडे आणि मैत्रिणींकडे बघितले. तुम्ही आता ठरवायच्या बेतात असाल तर लॉकचा फोटो आणि ऑफर बघण्याआधी तीन गोष्टी विचारा. मूल दारात आलंय हे मला कळतं का? मी खुर्चीवरून न उठता ते आत येऊ शकतं का? आणि वीज, बॅटरी, किल्ली यातलं काही ऐन वेळी दगा देईल तेव्हा ते कुठे थांबेल?

सगळ्यात साधं म्हणजे आपणच उठून दार उघडायचं. कॅलेंडरमध्ये पावणेदोन ते दोन ब्लॉक करायचं, टीमला सांगून टाकायचं की या वेळात मी नाही. मूल सात-आठ वर्षांच्या आतलं असेल तर मी म्हणेन हेच करा, दुसरं काही शोधूच नका, एवढ्या लहान मुलाला आल्या आल्या आईबापाचा चेहरा दिसायला हवा. माझ्या मॅनेजरने ऐकलं, सगळ्यांचे ऐकतीलच असं नाही. याला एक स्वस्त जोड मिळते, वायरलेस बेल. बटण दाराबाहेर आणि रिसिव्हर आपल्या टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये, त्यातही लाइट चमकणारी घ्या म्हणजे हेडफोन असले तरी दिसतं. मला 600 च्या आसपास पडली. बटणात बहुतेक वेळा तो छोटा 12 व्होल्टचा सेल असतो, पावसाळ्याआधी बदलून टाका.

पण कॅलेंडर ब्लॉकची अडचण अशी की शाळा नेहमी वेळेवर सुटेलच असं नाही. मार्च 2023 मध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा गोव्यात 9 आणि 10 तारखेला दुपारी बाराच्या आत शाळा सोडायचा आदेश निघाला होता. पावसाळ्यातही असं होतं, झाड पडतं, रस्ता बंद होतो, पोरं लवकर घरी येतात. त्या दिवशी आपलं कॅलेंडर काय कामाचं.

मग दोन मुख्य पर्याय समोर येतात, मुलाकडे किल्ली किंवा दाराला डिजिटल लॉक, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात.

किल्लीचा फायदा उघड आहे. डुप्लिकेट शंभर-दीडशेत होते, वीज नको, बॅटरी नको, वायफाय नको. दप्तराच्या आतल्या कप्प्याला हुकने अडकवून टाका, गळ्यात नको, खेळताना ओढली जाते, आणि किल्लीला नाव-पत्ता लिहिलेलं टॅग तर अजिबात लावू नका. हरवली तर मात्र दुसरी करून भागत नाही, लॉकचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो आतला भागच, बदलावा लागतो, कारण ती किल्ली कोणाला सापडली हे आपल्याला कधीच कळत नाही. आणि हरवल्याचं मुलाला कळतं ते दुपारी पावणेदोनला दारात उभं राहिल्यावर, तेव्हा आपल्याकडे किल्लीवाल्यासकट अख्खा बाजार बंद, चारला उघडणार.

पण किल्लीचा खरा घोळ वेगळाच आहे आणि तो घरून काम करणाऱ्यांनाच येतो. घरी कोणी नसतं तेव्हा दार फक्त लॅचवर असतं, बाहेरून किल्ली फिरवली की उघडलं. पण आपण घरात असलो की हात आपोआप आतल्या कडीकडे जातो. दूधवाला गेला, कडी. कुरिअर घेतलं, कडी. कडी लागली की बाहेरून किल्ली फिरवा नाहीतर तीस हजारांचं लॉक लावा, दार उघडणार नाही. तसंच आपण आपली किल्ली आतून सिलिंडरमध्ये तशीच ठेवली तर बऱ्याच लॉकमध्ये बाहेरची किल्ली आत जातच नाही. आमच्याकडे दोन्ही झालं, एकाच आठवड्यात. शेवटी मी नवऱ्याला सांगून खालची-वरची दोन्ही कड्या दिवसा लागूच नयेत म्हणून त्यांच्यावर पिवळी चिकटपट्टी मारून घेतली, रात्री झोपताना काढायची. दिसायला वाईट दिसतं, पण हात तिथे गेला की थांबतो. कुठलाही पर्याय निवडा, हे आधी करा.

आता डिजिटल लॉक. पिन, बोट, कार्ड किंवा टॅग (लॉकला टेकवला की उघडणारा छोटा बिल्ला), आणि बहुतेकांना सोबत साधी किल्ली पण असते. आमच्याकडे हेच आहे आता. लोकांचा एक गैरसमज असतो की लाइट गेली की हे बंद. तसं नाही, दाराला बसवलेली ही लॉक सहसा पेन्सिल सेलवर चालतात, चार किंवा आठ, त्यामुळे वीज गेली, राउटर बंद पडला तरी पिन चालतो. बंद पडतं ते फक्त मोबाइलवर येणारं नोटिफिकेशन आणि लांबून उघडणं. सेल अल्कलाइनच घाला, रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज मुळात कमी असतो, मग बॅटरी संपत आल्याचं लॉक भलत्याच वेळी सांगत बसतं. मी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी एकदा आणि शिगम्याच्या (आमच्या होळीच्या सणाच्या) आधी एकदा बदलते, संपायची वाट बघत नाही. पूर्ण संपलेच तर बऱ्याच मॉडेलला बाहेरून 9 व्होल्टचा चौकोनी सेल टेकवून किंवा पॉवर बँक जोडून तेवढ्यापुरतं उघडता येतं. विकत घेताना हे आहे का ते विचाराच.

बोटाच्या ठशाचं जेवढं कौतुक ऐकलं होतं तेवढं मुलांच्या बाबतीत खरं नाही. लहान मुलांच्या ठशाच्या रेषा बारीक असतात, हात पावसाने ओला, चॉकलेटने चिकट, आणि मूल वाढतं तसं बोटही वाढतं. आमचीचं बोट जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार वेळा लावावं लागायचं, मग रडवेली व्हायची. म्हणून पिन आणि दप्तराला टॅग, बोट आपलं असलं तर असलं. टॅग हरवला तर लॉकमधून तेवढा टॅग काढून टाकायचा, सिलिंडर बदलायची भानगड नाही, किल्लीपेक्षा हा सगळ्यात मोठा फायदा मला वाटतो. पिन मुलाचा वेगळा ठेवा, म्हणजे तीच आलीय हे आपल्याला मोबाइलवर दिसतं. बऱ्याच लॉकमध्ये खऱ्या आकड्यांच्या मागेपुढे वाटेल ते आकडे दाबता येतात, मैत्रीण शेजारी उभी असली तर तसं दाबायला शिकवा. वाढदिवसाची तारीख पिन ठेवू नका, शाळेत ती सगळ्या वर्गाला माहीत असते.

पण एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. गोव्यातला पावसाळा आणि लाकडी दार. जूनमध्ये दार फुगतं, चौकटीला घासतं, आणि लॉकचा बोल्ट समोरच्या भोकात नीट बसत नाही. साध्या लॅचला आपण खांद्याने ढकलतो आणि उघडतो, नऊ वर्षांच्या पोरीला ते जमत नाही, आणि मोटरवाला बोल्ट असेल तर तो अडकून नुसता टीं टीं करत बसतो. आमच्या सुताराने दार उतरवून दाखवलं, समोरून चकचकीत पॉलिश पण वरची आणि खालची कड कोरी, तिथून ओल आत शिरते. मे महिन्यात रंधा मारून त्या दोन्ही कडा सील करून घेतल्या, तेव्हापासून बरं आहे. समुद्राजवळ राहत असाल, कळंगुट, कोलवा अशा बाजूला, तर लॉकचा बाहेरचा भाग खाऱ्या हवेत किती टिकेल हेही बघून घ्या.

आणि दुसरं म्हणजे दार एक नसतं, दोन असतात. आपल्याकडे फ्लॅटला बाहेर लोखंडी ग्रिल असतंच. डिजिटल लॉक आतल्या लाकडी दाराला आणि ग्रिलला वेगळं कुलूप, तर मूल ग्रिलच्या बाहेरच उभं. मी दिवसभर ग्रिल नुसतं ओढून ठेवते, कुलूप नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी ग्रिललाही साधं नंबरचं कुलूप लावावं. जुन्या घरांचं तर गणितच वेगळं. डिचोलीला सासरच्या घराला दोन फळ्यांचं दार आहे, आतून आडणा (आडवा लाकडी दांडा), तिथे हे आधुनिक लॉक बसतच नाही, बऱ्याच मॉडेलना साधारण 35 ते 55 मिलिमीटर जाडीचं एक फळीचं दार लागतं. तिथे साधी बेल आणि घरातलं माणूस हेच खरं. भाड्याचं घर असेल तर भोकं पाडण्याआधी मालकाला विचारा.

व्हिडिओ डोअर फोनचं थोडक्यात सांगते. बाहेर कॅमेरा, आत स्क्रीन, बटण दाबलं की दार उघडतं. मूल दिसतं, कॉल म्यूट करून दोन शब्द बोलता येतं, खूप बरं वाटतं. ज्याचं काम म्हणजे दिवसभर मीटिंगा आणि मूल अजून पिन लक्षात ठेवण्याएवढं मोठं नाही, त्यांना हे सोयीचं. पण हे विजेवर चालतं, त्यामुळे इन्व्हर्टर हवाच, आणि कुठलं लॉक जोडताय ते नीट समजून घ्या. चुंबकाचं लॉक वीज गेली की उघडं पडतं, बटणाने सुटणारं इलेक्ट्रिक रिम लॉक वीज गेली तरी बंदच राहतं आणि किल्लीने उघडतं. घराच्या मुख्य दाराला मी दुसरंच घेईन. आणि हाताला सवय लागते, बेल वाजली की न बघता बटण. माझ्या मैत्रिणीने असंच एकदा पाणी शुद्ध करायचं मशीन विकणाऱ्याला सरळ घरात घेतलं, तो भला माणूस होता म्हणून दारातच थांबला. कॅमेरा समोरच्या शेजाऱ्यांच्या दारावर रोखलेला नसावा, आधी जाऊन सांगून या.

राहिल्या खालच्या आंटी. त्या जूनच्या प्रसंगानंतर त्या स्वतःच वर आल्या आणि मला रागावल्या, पोर एवढा वेळ जिन्यात होती आणि मला हाक नाही मारलीत म्हणून. तेव्हापासून ठरलंय, दार नाही उघडलं तर सरळ खाली जायचं. "ये गो बाय, बस हांगा" म्हणतात आणि तिला बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसवून लिंबूपाणी देतात. पण दुपारी दोनला त्यांची झोपायची वेळ असते, कधी त्या मडगावला लेकीकडे जातात, म्हणून रोजची व्यवस्था त्यांच्यावर टाकणं मला बरोबर वाटत नाही. आमची एक साधी किल्ली त्यांच्याकडे असते, अडीअडचणीला. पैसे खर्च करून जे लॉक आणाल त्याच्या जागी नाही, त्याच्या पाठीमागे असं एक माणूस हवंच.

तर माझं मत विचाराल तर असं. आठच्या आतलं मूल, उठून उघडा, चमकणारी बेल लावा, ऑफिसशी भांडायची वेळ आली तर भांडा. आठ-नऊच्या पुढे, दार एक फळीचं आणि स्वतःचं घर, तर पिनचं लॉक. भाड्याचं घर किंवा जुनं दार, तर किल्ली आणि कडीला चिकटपट्टी. पैसे कमी असतील तर वाईट वाटून घेऊ नका, बेल, किल्ली आणि शेजारी यात हजार रुपयांत काम होतं आणि नीट होतं. एवढंच सांभाळा की मूल आत असताना बाहेरून कुलूप कधीच नको, आतून किल्लीशिवाय उघडता आलंच पाहिजे, गॅसचं काही झालं तर पोर बाहेर कशी पडणार.

आणि लॉक बसवलं की लगेच भरवसा ठेवू नका. आम्ही एका शनिवारी सराव केला. लेक दप्तर, रेनकोट, छत्री सगळं घेऊन खाली नाक्यापर्यंत गेली, मी आत हेडफोन लावून लॅपटॉपसमोर. पहिल्यांदा तिने छत्री धरलेल्या हातानेच पिन दाबायला घेतला आणि चुकला. दुसऱ्यांदा जमलं पण दार मागे नीट लोटलं नाही, लॉक लागलंच नाही. तिसऱ्यांदा छत्री आधी ग्रिलला अडकवली, पिन, आत, दार पाठीने लोटलं, क्लिक ऐकू येईपर्यंत थांबली. मग माझ्या खोलीत येऊन काही न बोलता पाण्याची रिकामी बाटली माझ्या टेबलावर ठेवली. हे तिचं तिनेच ठरवलं. आता रोज पावणेदोनला कॉल चालू असताना ती बाटली टेबलावर टेकते, आणि मी तिचा हात धरून दोन सेकंद दाबते आणि पुढे बोलते.