फिअर: दार अडवलंत तर खिडकीतून येणारा शत्रू

इंजिनिअरिंगच्या मुलांना मी आर्टिफिशियल इंटेलिजन्स शिकवते. प्लॅनिंगचा, म्हणजे यंत्राने कृतींचा क्रम ठरवण्याचा, धडा आला की फळ्यावर ठोकळे काढायचे, वरचा उचल, खालचा सरकव. मुलं जांभया देतात. म्हणून हल्ली मी त्यांना सरळ 'फिअर' हा व्हिडिओ गेम खेळायला सांगते.

मोनोलिथ प्रॉडक्शन्सचा २००५ मधला हा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम. लाल फ्रॉकमधली अल्मा ही भुताटकी मुलगी दचकवते खरी, पण पैसे वसूल होतात ते सैनिकांशी होणाऱ्या चकमकीत. एखाद्या खोलीत शिरून दाराला टेकून उभे राहा. बाहेरचा सैनिक दार उघडायला बघतो. उघडत नाही म्हटल्यावर लाथ घालतो. तेही जमलं नाही तर खिडकीतून उडी मारून थेट अंगावर येतो.

हा क्रम कुणी आधी लिहून ठेवलेला नाही. मोनोलिथचे प्रोग्रामर जेफ ऑर्किन यांनी सैनिकाला फक्त उद्दिष्टं आणि कृती दिल्या. प्रत्येक कृतीला आधी काय हवं, तिने काय बदलतं आणि तिची 'किंमत' किती, एवढंच ठरलेलं. मग ए-स्टार, म्हणजे नकाशावर रस्ता शोधणारा तोच अल्गोरिदम, कृतींची सर्वांत स्वस्त साखळी जोडतो. परिस्थिती बदलली की जुना बेत रद्द, नवा तयार. मूळ कल्पना स्ट्रिप्स या प्लॅनिंग पद्धतीची, १९७१ च्या सुमाराची, शेकी रोबोसाठी फाइक्स आणि निल्सन यांनी मांडलेली. आमच्या ठोकळ्यांचं गणित तेच! गेममधले उंदीरसुद्धा याच प्लॅनरवर पळतात.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच. सैनिक आपल्याला बाजूने घेरतात असं वाटतं, पण घेरण्याचा बेत कुणाच्याच डोक्यात नसतो. एकजण नवा आडोसा गाठतो, वाट नेमकी आपल्या बगलेतून जाते. वर त्यांची आपसातली ओरडाओरड, त्यामुळे सगळं संगनमताने चाललंय असा भास होतो. वर्गात यावर तासभर वाद रंगतो.

उणं म्हणजे जागा. तीच ऑफिसं, तीच गोदामं, राखाडी भिंती. मधले टप्पे रटाळ होतात. खेळाडूला वेळ मंदावता येतो, ती स्लो मोशन जपून वापरा, नाहीतर सैनिकांना विचार करायची संधीच मिळत नाही. अवघड पातळीवर खेळलात तर उत्तम. रक्तपात भरपूर आहे, घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच सुरू करा.