लाल चतुर कोणता? फोटोवरून ठरवताना

सोलापुरात संभाजी तलावाच्या नाहीतर हिप्परग्याच्या काठाला पावसाळा सरताना कॅमेरा घेऊन बसलं, की लाल चतुर (ड्रॅगनफ्लाय) हमखास मिळतो. अडचण घरी येऊन फोटो मोठा केल्यावर सुरू होते. हा क्रोकोथेमिस सर्व्हिलिया जातीचा, की ट्रायथेमिस ऑरोरा?

रंगावरून ठरवायला जाऊ नका. आपल्याकडच्या उन्हात कॅमेऱ्यात लाल रंग फुटतो, आणि किरमिजी असो की शेंदरी, पडद्यावर दोन्ही सारखेच भडक दिसतात. एक्स्पोजर थोडं खाली ओढून काढलेला फोटो दिसायला काळपट वाटतो, पण ओळखायला तोच कामाचा.

आधी पाय बघा. ऑरोराचे काळे, सर्व्हिलियाचे तांबूस. नराच्या बऱ्याचशा फोटोंचा निकाल इथेच लागतो. पाय गवतात दडले असतील तर पाठीकडे वळा. सर्व्हिलियाच्या पोटावर, म्हणजे छातीमागच्या लांबट भागावर, वरच्या बाजूने मधोमध एक बारीक काळी रेघ लांबवर जाते. ऑरोराचं पोट मुळाशी फुगीर आणि त्याला जांभळट गुलाबी झाक. पंखांतलं शिरांचं जाळंही लालभडक.

माद्यांच्या बाबतीत मात्र घाई नको. दोन्हींच्या माद्या पिवळट, आणि कोवळे नरसुद्धा पिवळेच, त्यामुळे ‘पिवळा म्हणजे मादी’ हा हिशेब चालत नाही. बाजूने काढलेल्या फोटोत पोटाच्या दुसऱ्या खंडाखाली उंचवटा दिसला तर तो नर. सर्व्हिलियाच्या मादीलाही ती काळी रेघ असते, तेवढा आधार घ्यावा. पिवळ्या चतुराच्या धूसर फोटोवर मी तरी जातीचं नाव लिहीत नाही.

लाल चतुर पाण्याकाठच्या गवताऐवजी तापलेल्या खडकावर किंवा सिमेंटच्या कठड्यावर बसला असेल तर ट्रायथेमिस किर्बीचा विचार करा. त्याच्या चारही पंखांच्या मुळाशी मोठा, मधासारख्या रंगाचा डाग असतो. ऑरोरालाही मुळाशी असा डाग असतो, पण किर्बीचा बराच पसरट. आणि सांडपाण्याच्या नाल्यावर लहानखुरा, पंखांचा बराच भाग नारिंगी असलेला दिसला तर तो ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. इतकी घाण त्याच्याइतकी क्वचितच कुणी सोसतं. त्याच्या नराला ओळखताना सहसा चूक होत नाही.

पावसानंतर मैदानावर थव्याने घिरट्या घालणारे पिवळे चतुर मात्र वेगळे. ते बहुधा पँटाला फ्लेव्हेसेन्स, समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाणारी जात. त्यांच्यात ट्रेमिया या दुसऱ्या गटातला एखादा चतुर मिसळलेला असू शकतो. उडत्या चतुराचा खालून काढलेला फोटो असेल तर मागच्या पंखाचं मूळ तपासा. ट्रेमियाला तिथे गडद तपकिरी पट्टा, पँटालाचा पंख जवळजवळ कोरा. बसल्यावर पँटाला फांदीला उभा लोंबकळतो, तर ट्रेमिया काडीच्या टोकावर आडवा बसतो.

एकच फोटो मिळणार असेल तर मी बाजूने काढतो: पाय, छाती आणि नर-मादी तिन्ही त्यात येतात. चतुर दुसऱ्यांदा त्याच काडीवर परतला तर मग वरून, पंख पूर्ण पसरलेले असताना. दोन्हींत पाय किंवा पंखांची मुळं दिसत नसतील, तर जातीचं नाव न लिहिता ‘लाल चतुर’ एवढंच लिहून ठेवा.