गोव्यातल्या घराण्याची वंशावळ: ग्रॅम्प्स, रूट्समॅजिक की ऑनलाइन झाड?

गोव्यात वंशावळ मांडायला बसणारा माणूस सहसा नुसत्या हौसेने बसत नाही. कुणाला इन्व्हेंटरीसाठी (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कायदेशीर प्रक्रियेसाठी) वारसांची यादी हवी असते, कुणाला देवस्थानच्या महाजनकीसाठी (देवळाच्या कारभारातल्या वंशपरंपरागत हक्कासाठी) आपली शाखा दाखवायची असते, तर कुणाला पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांचा 19 डिसेंबर 1961 पूर्वीचा, म्हणजे गोवामुक्तीआधीचा, जन्म लिस्बनमध्ये नोंदवायचा असतो. त्यामुळे पुण्याच्या मित्राला जे सॉफ्टवेअर आवडलं ते तुम्हालाही सोयीचं पडेलच असं नाही.

इथे चार पर्याय घेतो. ग्रॅम्प्स आणि रूट्समॅजिक हे आपल्या संगणकावर चालणारे, फॅमिलीसर्च आणि मायहेरिटेज हे ऑनलाइन. पुष्कळांचा पाचवा पर्याय एक्सेल असतो, पण तो यात धरत नाही. पन्नास माणसांपर्यंत ठीक चालतं. मग कुणाचं तरी दुसरं लग्न निघतं, कुणी दत्तक गेलेला निघतो, आणि रकान्यांचा गुंता होतो.

पहिली कसोटी नावांची. समजा, तुमच्या पणजीचं माहेरचं नाव द्वारका, सासरी ठेवलेलं नाव सत्यभामा, आणि पोर्तुगीज काळातल्या दाखल्यावर रोमन लिपीत जे आहे ते वाचताना ‘सतिअबामा’ होतं. आडनावाचे हाल तर विचारूच नका. प्रभूंचा पोरोबो होतो, नाईकांच्या शेवटी क्यू येतो, आणि शेणवी हे सिनाय होऊन नावाच्या मधोमध जाऊन बसतात. ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला हवी तितकी नावं देता येतात आणि प्रत्येकाला प्रकार लावता येतो: जन्मनाव, लग्नानंतरचं नाव, दुसरं प्रचलित नाव. आडनाव कुठून आलं, वडिलांकडून की आईकडून, तेही नोंदता येतं. ज्या घरांत वंश आईच्या नावाने चालला तिथे ही सोय फार मोलाची आहे. बापाचा रकाना रिकामा राहिला म्हणून झाड कुठे अडत नाही. रूट्समॅजिकमध्येही पर्यायी नावं घालता येतात, आणि भरायला तो ग्रॅम्प्सपेक्षा सोपा आहे. पण इतके बारकावे ग्रॅम्प्समध्येच.

दुसरी कसोटी गावाची, आणि माझ्या मते निकाल इथेच लागतो. कुठ्ठाळ आज मुरगाव तालुक्यात आहे, जुन्या कागदात ते साष्टी तालुक्यात सापडतं. फोंडा तालुका आधी उत्तर गोव्यात होता, आता दक्षिण गोव्यात आहे. धारबांदोडा तालुका झाला त्याआधी तिथली बहुतेक गावं सांगे तालुक्यात शोधावी लागत. ग्रॅम्प्समध्ये गाव एकदाच नोंदायचं आणि ते कोणत्या काळात कशाखाली होतं ते तारखांसह जोडायचं. गावाची जुनी-नवी नावंही तशीच. 1890 ची घटना लिहिली की साष्टी दिसते, आजची लिहिली की मुरगाव. रूट्समॅजिकमध्ये ठिकाण म्हणजे स्वल्पविराम देत लिहिलेली एक ओळ. एकाच गावाच्या तीन ओळी तयार होतात आणि त्या जुळवण्याचं काम आपल्याकडे येतं.

कुलदैवतासाठी कुणीही तयार रकाना दिलेला नाही, तो आपण करायचा. ग्रॅम्प्स आणि रूट्समॅजिक दोन्हींत नवे प्रकार तयार करता येतात: कुलदैवत, गोत्र, वांगड (गावातला एका कुळाच्या घराण्यांचा गट), महाजनकी. हे मी अगदी आग्रहाने सांगेन, कारण गोव्याबाहेर गेलेल्या शाखा जुळतात त्या बहुतेक याच धाग्यावर. मंगेश कुठ्ठाळहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगलेल्या घरांतल्या माणसांना मूळ गाव धड सांगता येत नाही, पण आपण कुठल्या देवाचे कुळावी, म्हणजे तो कुलदेव मानणारे, ते सांगता येतं.

तारखांचं मात्र सगळीकडेच रडगाणं आहे. पणजोबांची तिथी घरात सगळ्यांना पाठ असते, कारण श्राद्ध चुकत नाही; इंग्रजी तारीख कुणालाच ठाऊक नसते. ग्रॅम्प्सला ज्यूलियन, हिब्रू, इस्लामी, पर्शियन अशी कालगणना कळते, आपला शक कळत नाही. ‘शके 1840, भाद्रपद वद्य पंचमी’ असं नुसता मजकूर म्हणून लिहिलं तर नोंद राहते, पण क्रम लागत नाही. त्यापेक्षा तारखेच्या रकान्यात ‘सुमारे सप्टेंबर 1918’ घालावं आणि तिथी वेगळी नोंदावी. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. पौष-माघ-फाल्गुनात बहुधा 79 मिळवावे लागतात. इथे रूट्समॅजिक थोडा सरस आहे. त्यात दिसणारी तारीख एक आणि क्रम लावण्यासाठीची तारीख वेगळी ठेवता येते. तिथी डोळ्यांसमोर राहते आणि क्रमही बिघडत नाही.

पैशांचं थोडक्यात: ग्रॅम्प्स फुकट आणि मुक्तस्रोत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. रूट्समॅजिक विंडोज आणि मॅकवर चालतो. त्याची साधी आवृत्ती फुकट, पूर्ण आवृत्ती एकदा पैसे भरून. मायहेरिटेजचं वर्षाचं वर्गणीचं खातं, फुकट खात्यात माणसांच्या संख्येवर मर्यादा. एका वांगडाची भाऊबंदकी त्यात मावणं कठीण.

मग ऑनलाइन घ्यावं कशाला? लिस्बन, लंडन, आखातातल्या चुलत-मावस भावंडांसाठी. त्यांच्याकडचे फोटो आणि पत्रं फोनवरून थेट झाडात येतात, आणि तेवढ्या कामात मायहेरिटेज खरोखर चांगलं आहे. फक्त जिवंत माणसांच्या जन्मतारखा तिथे टाकताना हात आखडता घ्या. त्यांच्या सुमारे 9 कोटी 20 लाख खात्यांचे ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर पडल्याचं 2018 मध्ये उघड झालं होतं.

फॅमिलीसर्च पूर्ण फुकट आहे आणि त्यांचा जुन्या नोंदींचा साठा अफाट. पण दोन गोष्टी समजून घेऊन आत शिरा. एक, तिथे झाड तुमचं नसतं. सगळ्या जगाचं मिळून एकच झाड. मृत पूर्वजाची नोंद कुणीही येऊन बदलू शकतो. महाजनकीवरून आधीच दोन शाखांत वाद असेल तर तो आता तिथेही चालेल. दोन, ही संस्था अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची आहे, आणि मेलेल्या पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याचा विधी त्या पंथात आहे. सभासदांनी तो फक्त स्वतःच्या पूर्वजांसाठी करावा असा त्यांचा नियम आहे. काहींना यात काही वाटणार नाही. पण ज्या घराने इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) काळात देव उचलून नदीपलीकडे नेले, त्या घरातल्या थोरल्यांना आधी विचारलेलं बरं. मी स्वतः तिथे शोध घेतो, झाड लावत नाही.

कायदेशीर कामासाठी झाड करत असाल तर आणखी एक पाहा: प्रत्येक विधानाखाली पुरावा जोडता येतो का? 2012 चा गोव्याचा वारसा व इन्व्हेंटरी कायदा लागू झाल्यावरही वारस ठरतात ते दाखल्यांवर, आपल्या छापील झाडावर नव्हे. ग्रॅम्प्समध्ये कागद कुठे आहे (पणजी शहरातलं पुराभिलेखागार, निबंधक कार्यालय, चर्चची वही, घरचं कपाट), कोणती वही, कोणतं पान आणि त्यावर किती भरवसा, हे वेगवेगळं नोंदता येतं. सुरुवातीला हे सगळं भरताना वैताग येतो, आणि ग्रॅम्प्सची रचना नवख्याला घाबरवते हेही खरं. संगणकाची फारशी सवय नसलेल्या निवृत्त काकांना मी रूट्समॅजिकच सुचवेन. वकिलाकडे खेपा घालणाऱ्या पुतण्याला ग्रॅम्प्स.

दोघांत अडलात तर वीस माणसं एकात भरा; त्यात एक दत्तक, एक दोन लग्नांचा आणि नाव बदललेली एक सून असू द्या. मग जेडकॉम फाइल (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची फाइल) काढून ती दुसऱ्यात उघडा. या फाइलमधून माणसं आणि नाती बहुतेक नीट जातात. फोटो मात्र बरोबर जात नाहीत, फक्त त्यांचा पत्ता जातो. त्यांचं फोल्डर वेगळं जपावं लागतं. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर फाइल यूटीएफ-8 मध्ये (देवनागरीसकट सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या अक्षर-संकेतात) काढली आहे का ते तपासा.