विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत सल्ला: शब्द फिरवलेल्या जोडीदाराकडून पैसे मागायचे असतील तर

वेगळं होताना पैशांबद्दल दिलेले सगळे शब्द माझ्या जोडीदाराने फिरवले (आमचं लग्न झालेलं नव्हतं), तेव्हा आधी मी एका ऑनलाइन ॲपवर पैसे भरून वकिलाशी बोलले. 'फसवणुकीची तक्रार ठोका' एवढंच ऐकायला मिळालं. मग जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले, आणि तिथे पहिल्यांदा कुणीतरी माझे कागद वाचले.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नोकरी करणाऱ्या कित्येकजणींना हे ठाऊक नसतं. १५१०० या हेल्पलाइनवर विचारून घ्या. अर्ज साधा आहे.

प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, म्हणजे त्यांनी नेमलेल्या वकीलबाई माझ्या व्हॉट्सॲपच्या छापील पानांवर पेन्सिलने खुणा करत गेल्या. 'तू स्थिरस्थावर होईपर्यंत दर महिन्याला मदत करेन' या वाक्याखाली त्यांनी नुसती रेघ ओढली. "याच्या बदल्यात तुम्ही काय करायचं ठरलं होतं?" काहीच नाही. मग हे कोर्टात टिकणं अवघड, म्हणाल्या. भारतीय करार कायदा १८७२, कलम २५: मोबदल्याशिवायचा, म्हणजे बदल्यात काहीच न ठरलेला करार एरवी रद्दबातल. प्रेमापोटी दिलेल्या वचनाला अपवाद आहे, पण ते लेखी, नोंदणी केलेलं आणि जवळच्या नात्यातलं हवं. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी जास्त भाड्याचं घर घेतलं होतं, त्यामुळे मला रडू आवरेना. त्यांनी रडू दिलं, पाणी दिलं, पण खोटी आशा दिली नाही. या सेवेचं मला सगळ्यात मोल वाटतं ते इथे.

पुढच्या पानावर मात्र पेन्सिल थांबली. 'कर्ज तुझ्या नावावरच राहू दे, फ्रीज आणि वॉशिंग मशीन मी नेतो, उरलेले हप्ते मी भरतो.' याभोवती त्यांनी गोल केला. वस्तू त्याने नेल्या, त्याबदल्यात हप्ते त्याच्याकडे. हा झाला मोबदला. त्याच्या खात्यावर पाठवलेल्या हातउसन्या रकमेलाही गोल, कारण त्याखाली त्याचं 'पगार झाला की परत करतो' असं उत्तर होतं. ते नसतं तर 'तिने प्रेमाने दिले' म्हणायला तो मोकळा होता.

मुदतीचंही त्यांनीच समजावलं. उसन्या पैशांचा दावा तीन वर्षांत लावायचा, आणि परतफेडीची वेळ ठरलेली नसेल तर ती तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासून मोजतात, नातं तुटल्यापासून नव्हे. समजुतीने घेऊ म्हणत थांबलेल्या बायकांचे पैसे इथेच बुडत असणार, असं मला वाटतं. स्क्रीनशॉटवर भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३, कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन जपून ठेवायचा, चॅट पुसायचं नाही.

फसवणुकीच्या तक्रारीबद्दल त्या स्पष्ट बोलल्या: शब्द देतानाच मनात लबाडी होती हे दाखवता आलं पाहिजे. नंतर शब्द मोडला, एवढ्याने तो गुन्हा ठरत नाही. लोकांसमोर नवरा-बायको म्हणून वावरत होतात का, हेही त्यांनी विचारलं, कारण लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार मिळू शकतो. आमचं तसं नव्हतं. विवाहित बाईचा पोटगीचा हक्क तर नवऱ्याच्या आश्वासनावर अवलंबूनच नसतो, त्यामुळे तिने हे सगळं स्वतःला लावून घेऊ नये.

सध्या माझं प्रकरण दावा लावण्याआधीच्या तडजोडीसाठी ठेवलंय. हप्ते आणि हातउसने, एवढंच मागितलंय. मदतीचं वाक्य मीच काढून टाकलं. तडजोड झालीच तर ती लोकअदालतीत नोंदवून घ्या, असं वकीलबाईंनी बजावलं आहे, कारण तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालाचं बळ असतं आणि त्यावर अपील होत नाही.